वडील लाचेच्या गुन्ह्यात सहआरोपी: खात्याच्या ज्ञापनाला आधी उत्तर द्यावे की आधी वकील गाठावा?

कोथरूडकर

नमस्कार. माझे वडील पुण्यातील एका शासकीय कार्यालयात अधीक्षक असून त्यांच्या सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या लिपिकाला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा लावून पकडले. पैसे लिपिकाकडे सापडले आणि वडील त्या दिवशी रजेवर होते. मात्र 'रक्कम साहेबांसाठी होती' असे तो म्हणाल्याचे कळते, आणि गुन्ह्यात वडिलांचे नाव दुसरे आरोपी म्हणून आले. त्यांना अटक झालेली नाही, पण हजर राहण्याची नोटीस आली आहे. खात्याने त्यांना लगेच निलंबित केले आणि गेल्या सोमवारी दोषारोपपत्रासह ज्ञापन (खात्याच्या चौकशीची लेखी सूचना) हाती दिले. त्याचे लेखी उत्तर दहा दिवसांत द्यायचे आहे.

वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी उत्तराचा मसुदा करून दिला आहे. पैसे मागितले नाहीत हे त्यात ठामपणे आहेच. शिवाय खरेपणा दिसावा म्हणून 'तक्रारदार माझ्या कक्षात आला होता व मी त्यास लिपिकाशी बोलून घ्या असे सांगितले' हेही वाक्य घातले आहे. ते खरेच आहे. वडील दिवसातून वीस जणांना असेच सांगतात. आताच वकील केला तर 'काहीतरी असल्याशिवाय वकील लागला नसता' असे वरिष्ठ म्हणतील, तेव्हा न्यायालयात आरोपपत्र दाखल झाल्यावर पाहू, असे त्या काकांचे मत आहे. ते बरोबर आहे का? आणि खात्याची चौकशी व फौजदारी प्रकरण या दोहोंसाठी एकच वकील चालतो का?

आवकजावक

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तो मसुदा आज पाठवू नका. मी नोकरीत असताना काही विभागीय चौकश्यांत बचाव सहायक (कर्मचाऱ्याची बाजू मांडायला मदत करणारा सहकारी) म्हणून बसलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ प्रमाणे चौकशी होते तेव्हा अपचारी (ज्याच्यावर आरोप आहेत त्या) कर्मचाऱ्याला दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याचे साहाय्य घेता येते; वकील मात्र हक्क म्हणून मागता येत नाही. खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी स्वतः वकील असेल किंवा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने परवानगी दिली, तरच वकील आत येतो. समोरच्या बाजूने कायद्याचा जाणकार बसवला असेल तर कर्मचाऱ्यालाही वकील दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मुंबई बंदराच्या नाडकर्णी प्रकरणात सांगितले आहे. म्हणून चांगला बचाव सहायक पुढे बसतो आणि वकील मागे राहून प्रत्येक कागद वाचतो, अशीच बहुतेकांची पद्धत असते. वकील मागे असतो म्हणजे नसतो, असे मात्र समजू नये.

कार्यालय घाई का करते तेही लक्षात घ्या. निलंबनाच्या तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात म्हटले आणि त्याला अनुसरून आपल्या शासनाने ९ जुलै २०१९ रोजी निर्णय काढला. ज्ञापन अडीच महिन्यांत येण्याचे कारण बहुधा तेच. घाई त्यांची आहे, तुमची नाही. जोडपत्रात ज्या कागदांचा उल्लेख आहे त्यांच्या प्रती मागा, त्या मिळेपर्यंत मुदतवाढ मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का घेतला नाही तर अर्ज दिलाच नव्हता, असे पुढे कोणीही म्हणू शकते.

जाता जाता: निलंबनकाळात मिळणाऱ्या निर्वाह भत्त्यासाठी अन्यत्र नोकरी वा व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये अशी अट निलंबनाच्या आदेशात सहसा असते. मुंबईला वकिलांकडे जायचे असले तरी आधी अर्ज द्या.

शिवाजीनगर_वकील

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. फौजदारी बाजू मी मांडतो.

सापळ्याआधी लाचेच्या मागणीची पडताळणी होते. तक्रारदाराबरोबर पंच जातो, बोलणे ध्वनिमुद्रित होते आणि त्याचा पंचनामा होतो. सापळ्याच्या नोटांवरून लिपिकाच्या बोटांना लागलेली पावडर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात गुलाबी झाली, यावरून नोटा कोणी हाताळल्या एवढेच कळते. आपल्या वडिलांपर्यंत पोहोचायला तपासाला दुवा हवा आहे. कारण लाच दुसऱ्याच्या हातून घेतली तरी लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ खाली गुन्हा होतो, आणि त्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. मागणी आणि स्वीकार सिद्ध झाल्याशिवाय दोष ठरत नाही, पण ते परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही सिद्ध होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सांगितले आहे.

आता मसुद्यातले ते वाक्य पुन्हा वाचा. 'लिपिकाशी बोलून घ्या' हे कार्यालयात निरुपद्रवी असले, तरी सापळ्याच्या खटल्यात सरकारी वकील त्यालाच इशारा म्हणतील. ध्वनिमुद्रणात ते बोलणे नसेल, तर तपासाकडे नसलेला दुवा आपण स्वतःच्या सहीने त्यांना द्याल. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण वरिष्ठांना लिहिलेल्या पत्राला ते संरक्षण नाही. खात्याची फाइल तपास अधिकारी मागवतात आणि तिथून ते पत्र न्यायालयात येते. म्हणून वकील एक असोत वा दोन, दोन्ही फायली एकाच व्यक्तीने शेजारी ठेवून वाचल्याशिवाय एकही कागद बाहेर जाऊ नये.

नोटिशीप्रमाणे हजर राहावे, टाळाटाळ करू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची ती नोटीस असेल आणि वडील तिचे पालन करीत राहिले, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय त्यांना अटक करता येत नाही. तरीही अटकपूर्व जामिनाचा विचार हजर होण्याआधीच वकिलांशी बोलून ठरवावा, कारण कोठडी ४८ तासांपेक्षा जास्त झाली की १९७९ च्या नियमांप्रमाणे निलंबन आपोआप मानले जाते, आणि आजचे निलंबन उद्या मागे घेतले गेले तरी त्याचा उपयोग उरत नाही.

सिंहगडरस्ता

मला हे पटत नाही. माणूस निर्दोष असेल तर जे घडले ते सरळ लिहिण्यात काय हरकत आहे? वकिलांच्या सल्ल्याने खरे वाक्य गाळायचे, म्हणजे लपवाछपवीच झाली.

शिवाजीनगर_वकील

आक्षेप रास्त आहे. ते वाक्य कायमचे गाळा असे मी म्हणत नाही. उद्या कदाचित तोच मुख्य बचाव ठरेल. पण तेव्हा त्याच्याबरोबर कामवाटपाचा आदेश असेल, ते प्रकरण कोणत्या दिवशी कोणाच्या टेबलावर होते हे दाखवणारी नोंदवही असेल आणि वडील प्रत्येक अर्जदाराला लिपिकाकडेच पाठवत असत, असे सांगणारे साक्षीदार असतील. आज ते वाक्य एकटे आहे. ध्वनिमुद्रणाची प्रत, पंचनामे आणि असे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून दाखल करताना लागणारे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र यांतले काहीही आपण पाहिलेले नाही. (हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे आहे, हे २०२० च्या खोतकर-गोरंट्याल निकालाने, म्हणजे आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून, ठरले.) तूर्त 'दोषारोप अमान्य आहेत, कागद मिळाल्यावर सविस्तर निवेदन करण्याचा हक्क राखून ठेवत आहे' इतके उत्तर पुरेसे आहे. दोन्हीकडचा आरोप आणि पुरावा एकच असल्याने खात्याची चौकशी तूर्त थांबवावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या पॉल अँथनी निकालाच्या आधारे करता येते. ती मान्य होईलच असे मात्र नाही.

डॉक्टर_कर्वेरस्ता

मी सरकारी नोकर नाही, पण 'वकील केला म्हणजे चुकले' या समजुतीची किंमत मी मोजली आहे. एका रुग्णाच्या मृत्यूनंतर मी रुग्णालयाला सहृदयतेने लिहिलेल्या खुलाशात 'अर्धा तास आधी पोहोचलो असतो तर' असे शब्द होते. डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल आहे. ते मत माझ्या बाजूने आले, तरी त्या एका वाक्याचे उत्तर मी दोन वर्षे देत राहिलो. वैद्यक परिषदेपुढे वकिलामार्फत बाजू मांडण्याची मुभा २००२ च्या नियमांतच आहे, आणि मी मात्र एकटा गेलो.

कुकडीकाठ

एक खुलासा. वडील राज्य शासनाचे कर्मचारी असतील तर दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबईतील पीठापुढे मागायची. जिल्हा परिषदेचे असतील तर नियम १९६४ चे आहेत आणि वाटही वेगळी. माझ्या भावाने चुकीच्या दारात चार महिने घालवले. आणि 'तपासातले साहेब ओळखीचे आहेत, मिटवून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा; तसे पैसे घेणे हाही लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखालीच वेगळा गुन्हा आहे.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. वडील राज्य शासनाचेच कर्मचारी आहेत. काल रात्री त्यांना हे सारे वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "कामवाटपाचा आदेश माझ्याच सहीचा आहे, त्याची प्रत मिळेल." आज सकाळी मुदतवाढीचा अर्ज देऊन आवक शिक्का घेतला. दुपारी शिवाजीनगरला वकिलांची वेळ मिळाली आहे. ज्ञापन, नोटीस आणि निलंबनाचा आदेश एकाच पिशवीत ठेवले आहेत. एकच विचारायचे राहिले: निवृत्तीपर्यंत प्रकरण संपले नाही तर निवृत्तिवेतन अडकते का?

आवकजावक

पूर्ण अडकत नाही. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू होते, उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र निकाल लागेपर्यंत थांबते. आणि सुरू झालेली विभागीय चौकशी निवृत्तीनंतरही चालूच राहते, तेव्हा ती पिशवी नीट जपून ठेवा.