वाचक असतात, फक्त बोलत नाहीत

'कुणी काही कळवतच नाही, मग इंटरनेटवर रोजनिशी चारचौघांत कशाला मांडायची?' हा तुमचा प्रश्न मलाही फार छळायचा. २००७ साली मी लिहायला लागले तेव्हा संगणकात विंडोज एक्सपीची सीडी घालून आधी देवनागरी चालू करावी लागायची, नाहीतर जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाऊन बसायची. एवढा खटाटोप करून लिहायचं, आणि पुढे सगळं शांत!

मग एकदा आईच्या पुरणयंत्रावर लिहिलं. जाळी घासताना तिच्या बोटांना पडलेले चरे, बस एवढंच. चार महिन्यांनी शिकागोहून एका बाईंची मेल आली. त्यांनी ते सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं होतं, आणि दोघी रडल्या होत्या.

तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देते, उशिरा का होईना. घरच्या माणसाबद्दल लिहायचं तर आधी त्याला विचारते. एकदा न विचारता बहिणीच्या आजारपणावर लिहिलं होतं, ती महिनाभर बोलली नाही माझ्याशी.

किती जणांनी वाचलं ते आकडे बघणं मात्र सोडाच. त्यापेक्षा प्रत्येक नोंदीवर तारीख आणि गावाचं नाव टाकत जा. माझ्या जुन्या पावसाच्या नोंदी शोधत गावाकडची माणसं अजून येतात.