नरकासुराचे डोळे आणि धूळ खाणारा लॅपटॉप

'मोफत सॉफ्टवेअर दिलं तरी पोरं शेवटी स्क्रीनलाच चिकटणार' असा आक्षेप काही जण घेतात, तो मला अर्धाच पटला.

गेल्या दिवाळीत आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या वाड्यावर पोरांनी जाळायला नरकासुराचा पुतळा केला. काठ्या, गवत, कागद, नेहमीचंच. पण डोळे लुकलुकलेच पाहिजेत, हा हट्ट! माझा २ जीबी रॅमचा म्हातारा लॅपटॉप कपाटावर पडून होता. त्यावर हलकं लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली) चढवलं आणि आर्डुइनोचा बोर्ड, म्हणजे दिवे-मोटारी चालवणारा छोटा प्रोग्राम करता येणारा सर्किट बोर्ड, जोडला. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लिंक' नावाचा दिवा लुकलुकवणारा तयार नमुना प्रोग्राम असतो, कोणीही उघडून बदलावा असा. पहिला एलईडी दिवा रेझिस्टर (वीजप्रवाह आवरणारा छोटा भाग) न लावल्यामुळे गेला (चूक माझी, पोरांची नव्हे). मग दोन्ही डोळे एकदम लागायला लागले. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, एक आधी विझवूया, म्हणजे तो डोळा मारतोय असं वाटेल." तिने प्रोग्राममधला थांब्याचा आकडा १००० मिलिसेकंदांवरून ३०० केला, म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तासभर स्क्रीनकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, सगळे पुठ्ठ्याच्या मुंडक्याभोवती. पहाटे जाळायच्या आधी बोर्ड काढून घ्यायची आठवण मात्र मलाच करावी लागली.

कल्पना काही नवी नाही म्हणा. शिक्षणतज्ज्ञ सेमूर पेपर्ट आणि मंडळींनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही प्रोग्रामिंगची भाषा केली, तिच्या आज्ञांवर चालणारं 'कासव' नावाचं यंत्र पुढे खरोखर जमिनीवर चालायचं.

अगदी लहानांसाठी टक्स पेंट हे मोफत चित्रकलेचं सॉफ्टवेअर बघा. मराठीतही चालतं, कोकणीतही. इंटरनेट लागत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ते असतं कुठे?