विहिरीत अन् तारकर्लीत, दोन्हीकडं चालणारा कॅमेरा?

बीडवाला: तारकर्लीला स्कुबा करायचंय. तोवर सराव शेतातल्या विहिरीत. गोप्रो घ्यावा का जुना ऑलिम्पस टीजी-६? हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी बाहेरची पेटी, लागतंच का?

पैठणचा पाणबुड्या: टीजी-६ घे राव. हाउसिंगविना १५ मीटर खोल चालतो, त्याच्या हाउसिंगमध्ये ४५. गोप्रो हाउसिंगविना १० मीटर. पण खरी गोम ओ-रिंगमध्ये, म्हणजे हाउसिंगच्या झाकणाच्या रबरी कड्यात. एक केस अडकला की पाणी आत! आधी रिकामं हाउसिंग टिश्यू घालून बुडव. अन् गढूळ पाण्यात फ्लॅश नको, गाळाचा कण न् कण चमकतो. नाथसागरात लई फोटो असेच गेले.

लातूरकरीण: खोलात लाल रंग आधी गायब होतो. म्हणून फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, नंतर रंग सुधारता येतात.

बीडवाला: टिश्यू कोरडा निघाला तर विहिरीतल्या कासवाचा फोटो टाकतो इथं.