नवख्या कंपनीचे वाय-फाय राउटर दुकानात ठेवावेत का? (कोपरखैरणे) – मदत हवी आहे

खैरणेवाला:

मंडळी नमस्कार,

कोपरखैरण्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि सीसीटीव्हीचं छोटं दुकान आहे. प्रश्न धंद्याचा आहे, पण नेटवर्किंगमधली जाणकार मंडळी इथे बरीच आहेत म्हणून विचारतोय.

ज्या कंपनीचे कॅबिनेट, एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) आणि कीबोर्ड मी वर्षानुवर्षं विकतोय, तिने आता घरगुती राउटर काढलेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, माल अजून नीट पारखलेला नाही. डिस्ट्रिब्युटरचा माणूस हात धुऊन मागे लागलाय. दोन मॉडेल आहेत, एसी १२०० (वाय-फायची जुनी पिढी) आणि एएक्स १५०० (त्यानंतरची). वीस पीस उचलले तर दोन फुकट, पंचेचाळीस दिवसांची उधारी, आणि मार्जिन जुन्या ब्रँडांच्या जवळजवळ दुप्पट. टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा या मालात ऑनलाइनच्या भावापुढे आमच्या हाती काय उरतं हे दुकानदारांना सांगायला नको. म्हणून मोह होतोय.

एसएमपीएसबद्दल या कंपनीविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. पीस उडाला की मुकाट बदलून देतात. पण एसएमपीएस बसवला की विषय संपतो. राउटर विकला की गिऱ्हाईक रात्री साडेदहाला फोन करतं, "दादा, नेट गेलं." मग चूक नेटवाल्याची असो, पोरांच्या मोबाइलची असो, नाव दुकानाचंच जातं.

एएक्सचं सॅम्पल घरी लावून बघितलं. रेंज चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण सेटिंगच्या पानावर मदतीच्या मजकुरात एका जागी वेगळ्याच कंपनीचं नाव राहून गेलंय. फर्मवेअरची, म्हणजे पेटीतल्या सॉफ्टवेअरची, तारीख दोन वर्षांपूर्वीची. 'अपडेट तपासा' दाबलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'सर्व्हर सापडला नाही'. लॉगमध्ये वेळ १९७० सालची. पासवर्ड अ‍ॅडमिन/अ‍ॅडमिन, आणि तो बदलायलाही सांगत नाही. खोक्यावर मात्र तिरंगी पट्टी.

इतकी गर्दी असलेल्या बाजारात या हार्डवेअरवाल्यांना आत्ता उतरायचं सुचतं तरी कसं? असे आधी कोणी आले होते का, आणि त्यांचं पुढे काय झालं? आणि मुख्य म्हणजे, माल उचलण्याआधी मी काय तपासावं, डिस्ट्रिब्युटरकडून काय लिहून घ्यावं? जिओ-एअरटेल डबा देतच असताना राउटर विकत घेणारं गिऱ्हाईक किती दिवस टिकणार, हाही प्रश्न आहेच.

पारसिक:

सुचतं, कारण उतरणं सोपं झालंय. घरगुती राउटरच्या आत जीव असतो तो चिपचा, आणि त्या चिप बनवणारे मोजकेच: ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रिअलटेक. चिपसोबत ते बोर्डाचा नमुना आणि सॉफ्टवेअरचा सांगाडा देतात. त्यावरून शेन्झेनचा कारखाना तयार राउटर बनवतो आणि हव्या त्या नावाचा ठसा मारून देतो. कॅबिनेट-कीबोर्डवाल्या कंपनीकडे डीलरांचं जाळं असतंच. तिने फक्त खोकं छापायचं. तुम्हाला मदतीच्या पानावर जे दुसरं नाव दिसलं ते याच प्रवासातलं उरलंसुरलं. पेटीच्या तळाशी मॅक पत्ता (तिचा नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) असतो, त्याची पहिली सहा अक्षरं नेटवर शोधा. ती कोणाच्या नावावर नोंदलीत ते कळेल.

यात गैर काही नाही. बोर्ड बहुधा चांगला असतो. प्रश्न त्या सांगाड्याला पुढे कोण हात लावणार हा आहे. सुरक्षेत भोक सापडलं की चिपवाला दुरुस्ती देतो, ती कारखान्याने घ्यायची, मग ब्रँडने घ्यायची, मग गिऱ्हाइकाच्या पेटीपर्यंत पोचवायची. यातला ब्रँडचा दुवा तुमच्या सॅम्पलमध्ये आजच तुटलेला दिसतोय. अजून माल विकायला सुरुवात नाही आणि अपडेटचा सर्व्हर सापडत नाही!

अ‍ॅडमिन/अ‍ॅडमिनबद्दल: २०१७ च्या जुलैत बीएसएनएलच्या ब्रॉडबँड गिऱ्हाइकांचे मोडेम मालवेअरने बंद पाडले होते, तेव्हा कंपनीला लोकांना पासवर्ड बदला म्हणून सांगत फिरावं लागलं. दार तेच होतं. एक काम करा, लॅपटॉपवरून त्या पेटीचं टेलनेट (दुरून आत शिरून हुकूम देण्याची जुनी, असुरक्षित वाट) उघडं आहे का बघा आणि इथे सांगा.

आणि एसी १२०० वाल्याचं वॅन पोर्ट, म्हणजे नेटवाल्याची वायर लागते ते, तपासा. या वर्गातल्या बऱ्याच पेट्यांना १०० एमबीपीएसचंच पोर्ट असतं. नावाजलेले ब्रँडही यात मागे नाहीत: टीपी-लिंकच्या आर्चर सी६ ला गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्ट आहे, सी५० ला नाही, आणि खोक्यावर दोन्हीकडे १२००. २०० चा प्लॅन घेतलेल्या माणसाची स्पीड टेस्ट ९४ वर अडकली की तो आधी नेटवाल्याशी भांडतो, मग तुमच्याशी.

जुनी_वायर:

आधी कोणी आले होते का? अहो, रांग लागली होती.

हार्ड डिस्कवाली वेस्टर्न डिजिटल २०१२ मध्ये 'माय नेट' राउटर घेऊन उतरली आणि काही वर्षांतच गाशा गुंडाळला. अ‍ॅपलचं एअरपोर्ट तर १९९९ चं, म्हणजे या बाजारातलं जुनं घराणं. २०१८ मध्ये तेही बंद. गूगलने २०१५ मध्ये ऑनहब आणला. पेटी बनवणारे कोण, तर टीपी-लिंक आणि असूस! साडेसात वर्षांच्या आत सपोर्ट संपला. पेटी धडधाकट, वाय-फाय देते, पण अ‍ॅपमधून सेटिंग बदलायची सोय गेली. गूगलसारख्याची ही तऱ्हा.

उलट उदाहरणंही आहेत. असूस म्हणजे मूळची मदरबोर्डवाली. राउटरमध्ये आली, टिकली, आज तिचा चाहता वर्ग आहे. पण तिलाही फटका बसला. सुरक्षेतल्या ढिलाईबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर ठपका ठेवला आणि २०१६ च्या तडजोडीत वीस वर्षं, दर दोन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची अट घातली. नेटवर्क स्टोरेज बनवणारी सिनॉलॉजी २०१५ मध्ये राउटरमध्ये आली. मॉडेल मोजकी, पण अपडेट देत राहिली.

आणि लिंकसिसचं काय सांगू! २००२ च्या शेवटी आलेला तो निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी. कंपनी २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरना घेतली, २०१३ मध्ये बेल्किनला विकली, आणि बेल्किन पुढे फॉक्सकॉनच्या गोटात गेली. मालक बदलत राहिले, पण त्या पेटीतलं सॉफ्टवेअर लिनक्सवर होतं, परवान्यामुळे सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर जन्मलं. कंपनीने हात झटकल्यावरही लोक त्या पेट्या चालवत बसले. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की पेटीवर ओपनडब्ल्यूआरटी चढतं का. तुमच्या सॅम्पलमधली चिप कोणती ते कळवा.

अवांतर: ते १९७० म्हणजे पेटीच्या घड्याळाला वेळ मिळालेलीच नाही. वेळेचा सर्व्हरसुद्धा कोणी भरलेला नसावा.

सीवूड्सचा_सनी:

तुम्ही लोक जरा जास्तच घाबरवताय. टीपी-लिंक पण एकेकाळी नवीनच होती ना? शाओमी फोनवाली, तिनेही राउटर विकले आणि लोकांनी हौसेने घेतले. सामान्य माणूस टेलनेट बघतो का? त्याला वर्षभर वाय-फाय चाललं की झालं. दुकानदाराने मार्जिन सोडायचं, आणि ऑनलाइनवाल्याने तोच माल विकायचा?

घणसोलीकर:

सनी, वर्षभर चालणं आणि वर्षभराने दारात येणारं गिऱ्हाईक सांभाळणं यात फरक आहे. मी स्थानिक फायबरवाल्यांसाठी जोडण्या करतो, म्हणून दुकानाच्या बाजूने सांगतो.

खैरणेवाले, तुमच्या भागात राउटरला गिऱ्हाईक आहे, आणि राहणार. पण ते 'राउटर' घ्यायला येतच नाही. माथाडींची बैठी घरं आता तीन-तीन मजली झालीत. नेटवाल्याचा डबा तळमजल्यावर टीव्हीच्या मागे. मध्ये दोन स्लॅब. वाय-फायच्या दोन बँडांपैकी ५ गिगाहर्ट्झ वरपर्यंत पोचत नाही, आणि २.४ उघडून बघावं तर गल्लीतली तीस-चाळीस नावं एकमेकांवर चढलेली, सगळी १, ६ आणि ११ चॅनलवर. वरच्या मजल्यावर भाडेकरू किंवा सूनबाईंचं वर्क फ्रॉम होम. त्यांना हवंय वरच्या मजल्यावर चालणारं वाय-फाय.

तुम्ही कॅमेऱ्यासाठी जिन्यातून केबल ओढताच. सोबत एक कॅट ६ ओढा आणि वर तीच पेटी अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (राउटरचं काम न करता नुसतं वाय-फाय देणारी) लावा. इंटरनेटच्या तोंडाशी नेटवाल्याचाच डबा राहतो, तुमची पेटी त्याच्या आड. पेटीत उणीव असली तरी थेट उघड्यावर येत नाही. मजुरीचे पैसे वेगळे, आणि ती मजुरी ऑनलाइनवाला देऊ शकत नाही. म्हणून सॅम्पलला अ‍ॅक्सेस पॉइंट मोड आहे का ते बघा. नसेल तर मी फुकटसुद्धा घेणार नाही.

दुसरं, मेश, म्हणजे अनेक पेट्यांचं मिळून एकच वाय-फाय. नव्या कंपनीचं मेश तिच्याच पेट्यांशी बोलत असेल तर उद्या ती लाइन बंद पडल्यावर गिऱ्हाइकाला तिसरी पेटी कुठून आणून देणार? खोक्यावर ईझीमेश लिहिलंय का बघा. ते वाय-फाय अलायन्सचं सामायिक मानक आहे. दोन कंपन्यांच्या पेट्या दर वेळी गोडीने नांदतातच असं नाही, पण निदान वाट तरी राहते.

खैरणेवाला:

सगळ्यांचे आभार. काल दुकान बंद केल्यावर बसलो.

टेलनेट उघडं आहे. अ‍ॅडमिन/अ‍ॅडमिन टाकलं, सरळ आत. मॅक पत्ता शेन्झेनच्या कंपनीच्या नावावर. चिप रिअलटेकची दिसते. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड आहे आणि बरा चालतो, जिन्यातून वर नेऊन बघितला. मेश स्वतःचंच. एसी मॉडेलचं पोर्ट, पारसिक म्हणाले तसं, १०० चंच.

डिस्ट्रिब्युटरच्या माणसाला फोनवर अपडेटचं विचारलं. "साहेब, अपडेट कशाला लागतंय, प्लग अँड प्ले आहे." सर्व्हिस सेंटर दिल्लीला. इथून पीस त्याच्याकडे द्यायचा, 'होऊन जाईल'.

जुनी_वायर:

रिअलटेक म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीची आशा जवळजवळ सोडा.

पारसिक:

आता कागदावर काय मागायचं ते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे: घरगुती नेट-उपकरणाला सगळीकडे एकच असा सोपा ठरीव पासवर्ड चालत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते बनवणाऱ्या कंपनीला जाहीर करावं लागतं. त्याच दोन गोष्टी तुम्ही कंपनीच्या लेटरहेडवर मागा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको, उद्या तो दुसऱ्या ब्रँडकडे गेलेला असेल.

दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचं ईटीए (उपकरणाची मंजुरी) त्या मॉडेलसाठी आहे का, त्याची प्रत घ्या. वाय-फायच्या मालाला ते लागतंच. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर-क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, हवा. माल आयात केलेला असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला असायला हवा. तिरंगी पट्टीखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. बदली पीस स्थानिक पातळीवर किती दिवसांत, तेही आकड्यात लिहून घ्या.

टेलनेटचा विषय लेखी कळवा. दोन आठवड्यांत नवं फर्मवेअर आलं तर समजा मागे माणसं आहेत. नाही आलं, तर उत्तर मिळालंच.

सीवूड्सचा_सनी:

टेलनेट अ‍ॅडमिन/अ‍ॅडमिनने उघडतंय, वर एसीचं पोर्ट १०० चंच, म्हणजे जरा जास्तच झालं. माझं मत एसी मॉडेलपुरतं मागे. पण एएक्सचे पाच-सहा पीस ठेवून बघायला हरकत नाही असं अजूनही वाटतं.

खैरणेवाला:

वीस पीसची ऑर्डर नाही दिली. एएक्सचे पाच, न विकले तर परत, या बोलीवर तो तयार झालाय. दोन फुकटची स्कीम अर्थात गेली. ईटीएची प्रत आली, मॉडेल क्रमांक जुळतो. खोक्यावर मूळ देश चीनच आहे, पट्टी नुसतीच डिझाइन. लेटरहेडचं 'वर विचारतो' म्हणालाय. पाचही मी फक्त वरच्या मजल्यांसाठी, अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, पासवर्ड बदलून लावणार. काउंटरवर ठेवणार नाही.

घणसोलीकर, एक राहिलं. नेटवाल्याच्या डब्याचं आणि वरच्या पेटीचं वाय-फाय नाव एकच ठेवायचं की वेगळं? सेक्टर पाचमधले एक काका खाली उतरले तरी त्यांचा फोन वरच्याच पेटीला चिकटून बसतो.

घणसोलीकर:

नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनल मात्र वेगळे: खाली १, वर ११. वरच्या पेटीची २.४ ची पॉवर मध्यमवर आणा, फोन आपोआप सोडतो. तरीही काकांचा नाहीच सुटला तर त्यांच्यापुरतं वेगळं नाव द्या. जुन्या फोनांपुढे इलाज नाही.