जुन्या चिनी ओएलटी, ‘विश्वसनीय स्रोता’ची अट आणि ग्रामपंचायतीला द्यायचे पत्र : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघे भाऊ घरोघरी फायबरचे इंटरनेट पुरवतो. वडिलांचा मूळ धंदा केबल टीव्हीचा होता. त्यांनी उभारलेल्या खांबांवरूनच आम्ही २०१८ मध्ये फायबर ओढली आणि जिल्ह्याएवढ्या क्षेत्राचा, ‘क’ वर्गाचा परवाना स्वतःच्या नावावर घेतला. आज सुमारे १,८०० जोडण्या आहेत. केंद्रावरच्या चारही ओएलटी, म्हणजे वरून आलेली लाईन स्प्लिटरमार्गे घराघरांतील ओएनयूंना (ग्राहकाकडच्या फायबरच्या डब्यांना) वाटणारे डबे, चिनी बनावटीच्या आणि ईपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना इंटरनेट वाटण्याची एक पद्धत) प्रकारच्या आहेत, कारण त्या वेळी आमच्या ऐपतीत बसणारे दुसरे काही मिळत नव्हते.

अडचण गेल्या महिन्यात सुरू झाली. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांच्या जोडण्यांचे नूतनीकरण मासिक सभेत आले, तेव्हा एका सदस्याने विचारले की यांची यंत्रे चिनी आहेत, मग आपल्या गावाची माहिती नेमकी जाते कुठे? (हा प्रश्न त्यांच्या तोंडी कोणी घातला ते गावात सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या स्पर्धकाच्या केंद्रावर कोणता डबा आहे तेही मी पाहिलेले आहे.) शेवटी ‘आमच्या जाळ्यात एकही चिनी उपकरण नाही’ असे लेखी पत्र आमच्याकडून घ्यावे असे ठरले. असे पत्र देणे म्हणजे धडधडीत खोटे लिहून देणे आहे, आणि न द्यावे तर तीन जोडण्यांबरोबर गावातील पतही जाते.

कायद्याची बाजू मला समजली आहे ती अशी. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने डिसेंबर २०२० मध्ये दूरसंचार क्षेत्रासाठी राष्ट्रीय सुरक्षा निर्देश मंजूर केला, मार्च २०२१ मध्ये परवान्यांच्या अटींत तशी दुरुस्ती झाली आणि १५ जून २०२१ पासून जाळ्यात नव्याने जोडायचे उपकरण ‘विश्वसनीय स्रोता’कडूनच, म्हणजे सरकारने मान्यता दिलेल्या पुरवठादाराकडूनच, आलेले असावे हे बंधन लागू झाले. त्यापूर्वी बसवलेले उपकरण काढून टाकण्याची सक्ती या निर्देशात नाही आणि त्याची वार्षिक देखभालही चालू ठेवता येते. मात्र जुन्या उपकरणाच्या आधारे जाळे वाढवायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. आमच्या एका ओएलटीचे चार पोर्ट (फायबर जोडायची तोंडे) विजेच्या कडकडाटात गेले आणि दुसऱ्या बाजूला नव्या वसाहतीसाठी आठ पोर्ट हवे आहेत. पहिली गोष्ट दुरुस्तीत मोडते आणि दुसरी वाढीत, असे मी धरून चाललो आहे, पण ही विभागणी बरोबर आहे का, हे परवानाधारकांपैकी कोणी सांगावे.

मात्र मला खरा धोका कोणता आणि राजकारण किती, हे स्वतःसाठी समजून घ्यायचे आहे, आणि जितके वाचत गेलो तितका गोंधळ वाढला. ब्रिटनने २०१० पासून बॅनबरी येथे खास केंद्र चालवून हुआवे या चिनी दूरसंचार कंपनीच्या उपकरणांची आणि त्यांच्या सॉफ्टवेअरची तपासणी केली. तेथील देखरेख मंडळाच्या २०१९ च्या अहवालात सॉफ्टवेअरच्या ढिसाळ घडणीवर कडक ताशेरे होते, पण सापडलेले दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपामुळे आले असे आपल्याला वाटत नाही, हेही ब्रिटिश तज्ज्ञांनी त्यात नोंदवले होते. जानेवारी २०२० मध्ये त्याच ब्रिटनने ३५ टक्क्यांच्या मर्यादेत हुआवेला ५जी जाळ्यात जागा दिली आणि जुलैमध्ये २०२७ अखेरपर्यंत सगळे काढण्याचा आदेश दिला. मधल्या सहा महिन्यांत डबे तेच होते. मे महिन्यात अमेरिकेने हुआवेचा चिपपुरवठा रोखणारे निर्बंध आणल्यामुळे हिशेब बदलला. आपल्याकडेही गलवाननंतर सुमारे पंधरवड्याने बीएसएनएलची ४जीची निविदा रद्द झाली होती. अमेरिकेने निदान ग्रामीण भागातील लहान कंपन्यांना उपकरणे बदलण्यासाठी १.९ अब्ज डॉलर दिले, आणि ते पुरले नाहीत म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आणखी सुमारे ३ अब्ज मंजूर केले. आमच्यासारख्याने तो खर्च १,८०० घरांच्या मासिक बिलातूनच काढायचा.

दुसरीकडे, ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखली जाणारी घुसखोरी २०२४ मध्ये उघड झाली, तिच्यात किमान नऊ अमेरिकी दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यांत शिरकाव झाल्याचे तेथील सरकारने सांगितले आणि त्याचा ठपका चीनवर ठेवला. चीनने तो नाकारला. माझे लक्ष वेधले ते शिरण्याच्या वाटेने. ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक देशांच्या यंत्रणांनी मिळून काढलेल्या सूचनापत्रकानुसार घुसखोरांना कोणतीही अज्ञात पळवाट वापरावी लागली नव्हती. आधीच जाहीर झालेले आणि ज्यांची दुरुस्ती उपलब्ध होती असे दोष त्यांना पुरले, आणि ज्यांतून ते शिरले त्या उपकरणांत सिस्कोसारख्या अमेरिकी कंपनीचीही उपकरणे होती. न्यायालयाच्या आदेशाने फोन ऐकण्यासाठी १९९४ च्या कायद्याने कंपन्यांना जी व्यवस्था ठेवायला लावली होती, तिच्यापर्यंतही हे लोक पोहोचले. सरकारसाठी ठेवलेल्या दारातून चोर आत आला, हा प्रकार अथेन्सच्या व्होडाफोनमध्ये २००४-०५ मध्येच घडून गेला होता. तेथे स्वीडिश एक्स्चेंजमधील अशाच सोयीचा गैरवापर करून पंतप्रधानांसह शंभरहून अधिक जणांचे फोन कित्येक महिने ऐकले गेले.

हे वाचल्यावर मी रात्री केंद्रावर जाऊन आमच्याच डब्यांकडे नव्याने पाहिले आणि लाज वाटली. चारही ओएलटींवर एकच पासवर्ड आहे आणि तो बसवायला आलेल्या मुलाने ठेवलेला आहे. टेलनेट, म्हणजे पासवर्डही उघडाच पाठवणारी दुरून आत शिरण्याची जुनी सोय, चालू आहे. दोन ओएलटींना चक्क सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून कोणालाही गाठता येणारा पत्ता) दिलेला आहे, कारण बिघाड झाला की पुरवठादाराचा इंजिनियर पुण्यातून थेट आत शिरतो. फर्मवेअर (डब्यातील मूळ सॉफ्टवेअर) शेवटचे २०२१ मध्ये बदलले, तेही व्हॉट्सॲपवर आलेली फाईल टाकून. अशा स्थितीत आमच्या गावची माहिती चीनलाच काय, कोणालाही नेता येईल.

तेव्हा मला तीन बाबतींत मदत हवी आहे. खराब पोर्ट आणि नवे पोर्ट यांबाबत वर विचारले आहेच. त्याशिवाय, दोनच माणसे असलेल्या केंद्राने, ग्राहकांचा पुरवठा फार काळ बंद न ठेवता, आधी काय बंद करावे आणि कोणत्या क्रमाने? आणि ग्रामपंचायतीला खरे, पण गैरसमज न वाढवणारे पत्र कसे लिहावे? ज्यांनी ईपॉन काढून दुसरे काही बसवले आहे त्यांनी खर्चाचा अंदाज दिला तर उपकार होतील.

प्रतिसाद

आपली विभागणी ढोबळमानाने बरोबर आहे. पोर्ट वाढवणे ही जाळ्याची वाढच समजा आणि त्यासाठी विश्वसनीय स्रोतांच्या सरकारी पोर्टलवर परवानाधारक म्हणून आधी अर्ज करा. विक्रेता ‘आमचे सगळे मंजूर आहे’ म्हणाला तरी जबाबदारी परवाना ज्याच्या नावावर आहे त्याचीच राहते.

कामाची सुरुवात मात्र आज रात्रीच करा. सार्वजनिक आयपी काढा, व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन (जाळ्याचा अलग ठेवलेला भाग) ठेवा, त्यात फक्त तुमच्या एका संगणकाला प्रवेश द्या, टेलनेट बंद करून त्याऐवजी सांकेतिक रूपात माहिती पाठवणारे एसएसएच चालू करा आणि चार डब्यांना चार पासवर्ड द्या. यात ग्राहकांचा पुरवठा थांबत नाही. इंजिनियरला आत यायचे असेल तर तुम्ही दार उघडून द्यायचे आणि काम झाले की लावायचे. घरच्या राउटरांचा दुरून देखभाल करण्याचा पोर्ट (इथे आत शिरण्याचे दार) बाहेरून उघडा नाही ना, हे पाहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर त्याच पोर्टवरच्या माऱ्याने बंद पडले होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांच्या नोंदी (लॉग) ठेवणे आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे तुम्हालाही लागू आहे. नोंदी ओएलटीच्या आत टिकत नाहीत, त्या वेगळ्या संगणकावर घ्या.

खर्चाचा आकडा देत नाही, पण एक इशारा देतो. ईपॉनची जागा जीपॉन या दुसऱ्या पद्धतीने घेतली की ओएलटीपेक्षा घराघरांतील ओएनयूंचे बिल मोठे होते. त्यामुळे आजपासून बदलाल तो प्रत्येक ओएनयू दोन्हींवर चालणारा घ्या आणि नवी वसाहत थेट जीपॉनवर टाका.

धागाकर्ता

मनापासून आभार. सार्वजनिक आयपी काल रात्री काढले. सकाळी इंजिनियरचा ‘लाईन बंद आहे का’ म्हणून फोन आला, म्हणजे तो रोज आत डोकावत होता, हेही कळले. पत्राचा मसुदा असा केला आहे : ‘आमच्या चार ओएलटी २०२१ पूर्वीच्या व चिनी बनावटीच्या असून त्या वापरात ठेवण्यास परवान्याची मुभा आहे, त्यांत बाहेरून प्रवेश बंद केला आहे आणि नवी खरेदी विश्वसनीय स्रोतांतूनच होईल.’ सोमवारच्या सभेपूर्वी यात कोणाला काही चुकीचे वाटल्यास कृपया सांगावे.