मदत हवी आहे : कुडाच्या खुराड्यातील गोचीड कशी घालवावी?

नमस्कार. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात असून घरच्या अंड्यांपुरत्या गावरान कोंबड्या आम्ही परसात पाळतो. खुराड्याच्या भिंती तुराट्यांच्या कुडाच्या असून त्यांवर शेणमातीचे लिंपण आहे. ऊन तापू लागल्यापासून कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नसतात. हाकलून आत घातल्या तरी रात्रभर चुळबुळ करतात, आणि काही तर कडुनिंबावर जाऊन बसतात. तुरे फिके पडले आहेत व अंडीही कमी झाली आहेत.

पिसे उलगडून पाहिली तेव्हा उवा किंवा पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके आढळले नाहीत. मात्र पंखांखाली बारीक, काळसर दाणे रुतलेले दिसले. रात्री बॅटरी लावून पाहिले असता, जेथे लिंपण उखडले आहे तेथील फटींतून चपट्या, करड्या-तपकिरी गोचिडी बाहेर येत होत्या. म्हणजे अंगावर रुतलेली ती पिल्ले आणि रात्री रक्त पिऊन फटीत परतणारी ती मोठी गोचीड, असा माझा समज आहे. कोंबड्या राखेत मनसोक्त लोळतात, पण भिंतीतल्या गोचिडीला त्या राखेचे काय!

शेजारी कपाशीवरचे औषध फवारण्यास सुचवतात. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आमच्याच जिल्ह्यात शेतकरी दगावले असताना, ज्या कोंबड्यांची अंडी मुले खातात त्यांच्या खुराड्यात ते मारण्याची माझी तयारी नाही. कूड न मोडता काही उपाय आहे का, आणि खुराडे काही महिने रिकामे ठेवल्यास गोचीड उपाशी मरेल का?

प्रतिसाद :

आपला समज बरोबर आहे, परंतु उपाशी मारण्याचा विचार सोडावा, कारण ही मोठी गोचीड वर्षाहून अधिक काळ रक्तावाचून जगते. माझ्या मते कूडही वाचवू नये. तुराट्यांच्या पोकळीत औषध नीट पोहोचत नाही. कूड मोडून घरापासून व गंजीपासून दूर जाळावा आणि नवे खुराडे शक्यतो फटी न राहतील असे, विटांचे किंवा टिनाचे करावे. जुने दांडे परत वापरायचे असल्यास त्यांच्या सांध्यांत पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात डेल्टामेथ्रिन हे गोचीडनाशक औषध फवारून ते पूर्ण वाळू द्यावेत. गोचिडीची अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून दुसरी फवारणी टाळू नये; किती दिवसांनी करायची, हे पशुवैद्यकालाच विचारावे. फवारा विहिरीत वा माशांच्या तळ्यात जाऊ देऊ नये.

कोंबड्यांना नव्या जागी नेण्यापूर्वीच अंगावरच्या पिल्लांसाठी औषध लावावे, नाहीतर तीच तेथे गळून पडतील. औषधानंतर अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. एखादी कोंबडी पेंगत असेल व हिरवट हगत असेल तर मात्र थांबू नका. ही गोचीड स्पायरोकिटोसिस हा रोग पसरवते आणि त्यावर पशुवैद्यक पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊ शकतात.