शब्दचर्चा : त्रैक्य. शब्द बायबलात नाही, मग आधार आहे की नाही?

कोशकिडा

एका भाषांतराची मुद्रितं तपासतोय. लेखकाने एक वाक्य ठोकून दिलंय : 'त्रैक्य हा शब्द बायबलात कुठेही नाही, म्हणून त्रैक्याच्या सिद्धांताला शास्त्राधार नाही.' त्रैक्य म्हणजे ट्रिनिटी : देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे. माझ्या शंका दोन. त्रैक्य, त्रित्व आणि त्रिएकत्व असे तीन शब्द वाचण्यात येतात, त्यातला छपाईत कुठला ठेवू? आणि ते 'म्हणून' खटकतंय. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा धरला तरी दुसरा आपोआप सिद्ध होतो का? धर्मांतर, राजकारण इथे नको. शब्दांपुरतं बोलू.

उपान्त्य

पहिल्या शंकेचं पटकन सांगतो. मराठी ख्रिस्ती लेखनात त्रैक्य रुळलेला आहे, तोच ठेवा. त्रित्व वाचलं की हिंदीचा वास येतो. काटेकोर बघायचं तर त्रि + ऐक्य याचा यण् संधी होऊन 'त्र्यैक्य' व्हायला हवं, पण ते म्हणताना जीभ अडखळते. त्र्यंबकाचा त्रिंबक करणारे आपण, इथे का कुरकुरायचं?

'त्रिमूर्ती' मात्र चुकूनही लिहू नका. त्रिमूर्तीत देव तीन आणि खातीही तीन : उत्पत्ती, स्थिती, लय. त्रैक्यात देव एकच, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या तिघांत खातेवाटप नाही. शब्द चुकला की डोळाही चुकतो. घारापुरीच्या त्या प्रचंड मूर्तीला अजून सर्रास त्रिमूर्ती म्हणतात. ती सदाशिवाची आहे, ब्रह्मा-विष्णू-महेशाची नव्हे. गंमत म्हणजे युरोपातही एका धडावर तीन तोंडं काढून ट्रिनिटी रंगवायची पद्धत होती. आठव्या अर्बन पोपने १६२८ साली तिच्यावर बंदी घातली.

उगाच

'बायबल' हा शब्दही बायबलात नाही म्हणे. चालू द्या.

ग्रीकबिक

@उगाच, आहे की. पौल तीमथ्याला लिहितो, येताना माझी पुस्तकं घेऊन ये. तिथे मूळ ग्रीकमध्ये 'ता बिब्लिया' आहे. अर्थ साधा, गुंडाळ्या. 😀

त्रैक्यासाठी असा पुरावा सापडणार नाही. देवासंदर्भात 'त्रिआस' (त्रयी) हा ग्रीक शब्द पहिल्यांदा दिसतो अंत्युखियाचा बिशप थिओफिलस याच्याकडे, साधारण इसवी १८०च्या सुमारास. त्याचे तीन कोण? देव, त्याचा शब्द आणि त्याचं ज्ञान. 'पिता-पुत्र-आत्मा' हा ठरीव क्रम तिथे नाही. लॅटिन 'त्रिनितास' रूढ केला कार्थेजच्या तर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. 'सब्स्तान्तिया' (तत्त्व) एक आणि 'पर्सोना' (व्यक्ती) तीन ही मांडणीही त्याचीच. म्हणजे शेवटचं पुस्तक लिहून झाल्यावर निदान दोन-तीन पिढ्यांनी शब्द आला. तुमच्या लेखकाचं अर्धं वाक्य पक्कं आहे.

वसईचा नाना

पण मजकूर आहे ना! मत्तय २८:१९ : पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या. तिघांची नावं घेतली, पण 'नावांनी' म्हटलं नाही, 'नावाने' म्हटलं. ग्रीकमध्येही 'ओनोमा' एकवचनीच आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा शेवट बघा : ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. हे पत्र पहिल्या शतकातलं आहे, त्याला चौथ्या शतकातल्या धर्मसभांची वाट बघावी लागली नाही. आम्ही लहानपणापासून कपाळ, छाती, खांद्यांवर क्रूसाची खूण करताना हेच म्हणत आलो. गोव्याकडच्या जुन्या कोंकणी प्रार्थनेत पवित्र आत्म्याच्या जागी 'इस्पिरिता सांताच्या' असायचं. पोर्तुगीज शब्दाला आपला षष्ठीचा प्रत्यय! पाद्र्यांना 'आत्मा' हा शब्द उसना घ्यायची भीती वाटली असावी, असा माझा अंदाज.

उपान्त्य

नाना, 'नावाने'च्या एकवचनावर फार भार टाकू नका. सातबारा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, म्हणून काही ते एक होत नाहीत. प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये पेत्र फक्त येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या म्हणतो, त्याचंही बघावं लागेल. तिघं एकत्र उभे आहेत एवढं मत्तयावरून निर्विवाद. तिघं मिळून एक देव, हे त्या वाक्यात लिहिलेलं नाही.

नवगावकर

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकण किनाऱ्यावर आमचे लोक बाकी पुष्कळ विसरले तरी 'शेमा' (देव एकच असं सांगणारी आमची प्रार्थना) विसरले नाहीत, असं आमच्यात सांगतात. त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवेना.

शेमाचं वाक्य बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात ६:४ ला आहे. त्याचं जुनं मराठी भाषांतर 'अनन्य परमेश्वर' असं आहे. मूळ हिब्रू शब्द 'एखाद'. काही ख्रिस्ती प्रचारक सांगतात की एखाद म्हणजे 'जुळून झालेलं एक', कारण उत्पत्तीत नवरा-बायको 'एकदेह' होतात तिथे हाच शब्द आहे. हा शब्दच्छल झाला. उपदेशक ४:८ मध्ये ज्याला दुसरा कोणी नाही, मुलगा नाही की भाऊ नाही, अशा एकट्या माणसाला एखादच म्हटलंय. एखाद म्हणजे एक. कशाचं एक, ते पुढचं नाम ठरवतं.

'एलोहीम' अनेकवचनी आहे म्हणून देवात अनेक, हेही तसंच. रूप अनेकवचनी, पण 'निर्माण केले' हे क्रियापद एकवचनी. पलिष्टी लोक त्यांच्या एकट्या दागोनलाही त्याच अनेकवचनी शब्दाने 'आमचा देव' म्हणतात. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये, आदरार्थी बहुवचन आपल्या हाडीमांसी आहे. फरक एवढाच की आपण 'साहेब आले' म्हणताना क्रियापदही बहुवचनी करतो, हिब्रू करत नाही.

राहिलं उत्पत्ती १:२६, 'आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य आपण करू'. हिब्रूत तिथे नुसतं प्रथमपुरुषी अनेकवचन आहे. आम्ही की आपण, हा भेद त्या भाषेत नाही. मराठीला निवडावंच लागतं, आणि 'आपण' निवडलं की ऐकणारा कोणी समोर बसलाय हे मान्य झालं. तो कोण? आमचा राशी हा मध्ययुगीन भाष्यकार म्हणतो देवदूत. ख्रिस्ती म्हणतात पुत्र. मूळ वाक्य काहीच सांगत नाही.

ग्रीकबिक

वा, नवगावकर! जुन्या करारातून त्रैक्य काढणं ही मागे वळून वाचण्याची रीत आहे, माझंही मत तेच. खरी लढाई नव्या करारात, आणि तीही बारक्या शब्दांवर.

योहान १०:३० घ्या. 'मी आणि पिता एक आहोत.' मराठीतल्या 'एक'ला लिंग नसतं, म्हणून गोम कळत नाही. ग्रीकमध्ये तिथे नपुंसकलिंगी 'हेन' आहे, पुल्लिंगी 'हेइस' नाही. म्हणजे एक व्यक्ती नव्हे, एक काहीतरी. तर्तुल्यानने यावर बोट ठेवून पिता तोच पुत्र म्हणणाऱ्यांना गप्प केलं. पण हेच 'हेन' सतराव्या अध्यायात शिष्यांसाठी येतं : जसे आपण एक तसे त्यांनी एक व्हावं. शिष्य काही एका तत्त्वाचे होणार नव्हते. म्हणून आरियसच्या (पुत्र हा निर्माण केलेला आहे म्हणणाऱ्या चौथ्या शतकातल्या धर्मगुरूच्या) बाजूचे म्हणत, ही इच्छेची एकी आहे, तत्त्वाची नव्हे. शिवाय 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' (योहान १४:२८) हे वाक्य त्यांच्या हातात होतंच.

योहान १:१ : 'शब्द देव होता'. ग्रीकमध्ये पहिल्या 'देवा'ला उपपद (इंग्रजी 'the'सारखं) आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून यहोवाचे साक्षीदार हा त्रैक्य न मानणारा पंथ तिथे 'एक देव' असं काहीतरी करतो. मराठीत उपपदच नाही, त्यामुळे आपलं भाषांतर मुळाइतकंच संदिग्ध राहिलं, आणि मला ते बरं वाटतं. माझ्या वाचनाप्रमाणे तिथे 'देव' हे विशेषणासारखं आलंय : जे देवपण पित्याचं तेच शब्दाचं. 'दुय्यम देव' हा अर्थ ओढूनताणून आणलेला आहे. वीसाव्या अध्यायात थोमा हा शिष्य येशूला सरळ 'माझा प्रभू, माझा देव' म्हणतो, ते विसरून चालत नाही.

आता नको असलेला साक्षीदार. योहानाच्या पहिल्या पत्रात ५:७ ला 'स्वर्गात साक्ष देणारे तीन : पिता, शब्द व पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत' असं वाक्य १६११च्या इंग्रजी बायबलात आहे. इतकं धडधडीत वाक्य दुसरं नाही, आणि नेमकं तेच मागून घुसलेलं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. चौथ्या शतकात आरियसशी भांडणारे ग्रीक धर्माचार्य ते कधी वापरत नाहीत. हाताशी असतं तर सोडलं असतं? ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसने १५१६ आणि १५१९च्या आवृत्त्यांत ते घेतलं नाही, ओरड झाली. मग ते वाक्य असलेली एक ग्रीक पोथी पुढे आली आणि १५२२च्या आवृत्तीत त्याने घेतलं. ती पोथी आज डब्लिनला आहे, तीही ट्रिनिटी कॉलेजात! न्यूटनने यावर लांबलचक पत्र लिहून ठेवलं, ते छापलं गेलं तो मेल्यानंतर, १७५४ साली. आजच्या मराठी बायबलात तिथे फक्त आत्मा, पाणी आणि रक्त हे तीन साक्षीदार उरलेत.

वसईचा नाना

ते वाक्य गेलं म्हणून आमचं काही अडत नाही. निकेयाच्या ३२५च्या धर्मसभेने ते वापरलंच नव्हतं.

ग्रीकबिक

बरोबर, आणि तिथेच कोशकिड्याच्या 'म्हणून'चं उत्तर आहे. निकेयात 'होमोऊसिओस' (एकाच तत्त्वाचा) हा शब्द श्रद्धाकथनात घातला, तेव्हा पहिली तक्रार हीच आली की हा शब्द शास्त्रात नाही. आरियसचा विरोधक अथनेशियस याने ती नाकारली नाही. त्याचं म्हणणं, अक्षरं नसतील, आशय आहे. आणि उलट टोला : तुमचे तरी शब्द शास्त्रातले कुठे आहेत? दोन्ही बाजू बाहेरच्याच शब्दांनी लढत होत्या.

पूर्वमीमांसक

उशिरा आलो. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे : अर्थापत्ती. देवदत्त लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही. म्हणजे रात्री जेवत असणार. 'रात्री जेवतो' हे कुणी पाहिलं नाही, ऐकलं नाही, पण ते धरल्याशिवाय आधीच्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

त्रैक्य हे श्रुतवचन (थेट सांगितलेलं वाक्य) नव्हे, अर्थापत्ती आहे. वर आलेली वाक्यं ओळीने मांडा. देव एकच. पुत्राला देव म्हटलंय. पुत्र पित्याशी बोलतो, त्याला थोर म्हणतो, म्हणजे दोघं वेगळे. मेळ घालायचा तर तत्त्व एक, व्यक्ती वेगळ्या, असं काहीतरी धरावं लागतं. पवित्र आत्म्याची वाक्यं याहून विरळ आहेत, त्याचं पूर्ण देवपण ठरायला ३८१ची कॉन्स्टँटिनोपलची सभा उजाडली, यात नवल नाही.

पण अर्थापत्तीची अट कडक असते : दुसऱ्या कुठल्याही मार्गाने उपपत्ती लागता कामा नये. आरियस म्हणतो, लागते. पुत्र ही पहिली आणि श्रेष्ठ निर्मिती धरा, नीतिसूत्रांत ज्ञान म्हणतंच की परमेश्वराने मला आरंभी निर्माण केलं (८:२२, ग्रीक भाषांतराप्रमाणे). सबेलियस म्हणतो, एकच देव तीन रूपांनी प्रकटला धरा. त्रैक्यवाद्यांना म्हणून नुसती वाक्यं दाखवून भागत नाही, हे दोन्ही मार्ग बंद करावे लागतात. सबेलियसचा बंद होतो असं मला वाटतं, बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात आणि पित्याची वाणी आकाशातून, हे एकाच रूपाने कसं व्हावं? आरियसचा दरवाजा थोमाच्या उद्गाराने लोटला जातो, कडी मात्र लागत नाही.

तेव्हा 'आधार नाही' हे चूक, आणि 'स्पष्ट लिहिलंय' हेही चूक.

केडगाव फाटा

हा वाद आपल्या देशात झालेला आहे, तोही शब्दांवरूनच. राममोहन राय आणि विल्यम अ‍ॅडम हे मिशनरी मिळून शुभवर्तमानांचं बंगाली भाषांतर करत होते. योहान १:३ मधल्या 'दिया' या ग्रीक अव्ययावर अडलं. सगळं 'त्याने' झालं की 'त्याच्या द्वारे'? मराठीत 'द्वारे' आहे. 'द्वारे' म्हटलं की कर्ता दुसरा, आणि शब्द हा साधन. अ‍ॅडमला ते पटलं आणि १८२१ मध्ये तो त्रैक्य सोडून एकेश्वरवादी झाला. त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याला 'दुसरा पतित आदाम' म्हणून चिडवलं.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर सिस्टर जेराल्डीन व डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद मांडला तो याच विषयावर. बायबलात मला दिसतं ते मानीन, चर्चने ठरवलं म्हणून नाही, असा त्यांचा रोख. संस्कृत शास्त्रार्थात वाढलेली बाई, प्रमाण मागितल्याशिवाय कशी राहील? पुढे मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. तेव्हा त्यांची मतं बरीच बदलली होती, पण मुळाकडे जायची सवय तीच.

कोशकिडा

मंडळी, आभार. 'म्हणून'च्या शेजारी समासात प्रश्नचिन्ह टाकलंय, लेखकाला धाग्यातले मुद्दे कळवतो. एक शेवटचं : 'पर्सन'ला त्याने सगळीकडे 'व्यक्ती' केलंय. चालेल?

पूर्वमीमांसक

चालतं, रूढ आहे. पण मौज बघा. संस्कृतात व्यक्ती म्हणजे प्रकट होणं. गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, तुझी 'व्यक्ती' देवांना कळत नाही, दानवांनाही नाही. तो अर्थ धरला तर 'एक देव, तीन व्यक्ती' हे वाक्य सबेलियसच्याच खिशात जातं.

ग्रीकबिक

ग्रीकांचीही तीच रड. त्या तिघांपैकी प्रत्येकाला ते 'हिपोस्तासिस' म्हणत, आणि त्याचं शब्दशः लॅटिन 'सब्स्तान्तिया'च होतं. पूर्वेकडचे 'तीन हिपोस्तासिस' म्हणाले की रोमकडच्यांना तीन तत्त्वं, म्हणजे तीन देव ऐकू यायचे. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने सिरियाच्या वाळवंटातून पोप दमासला पत्र लिहून विचारलं होतं की हा शब्द मी म्हणू की नको. इब्री १:३ मध्ये हाच शब्द आलाय, तिथे मराठी बायबल 'तत्त्व' म्हणतं. म्हणजे तुमच्या पुस्तकात ते वचन उद्धृत असेल तर तिथे 'व्यक्ती' करू नका, आणि सिद्धांताच्या प्रकरणात 'तत्त्व' करू नका.

कोशकिडा

उद्धृत आहे, पान ११२ वर. तिथे त्याने 'व्यक्ती'च केलंय. आता ते दुरुस्त करतो.